मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहिला नकाशा : प्राध्यापक एगास मोनिज यांचे जीवन

कुलदैवत गोमंतकात आणि घरदार हुबळी-धारवाडास, अशी स्थिती असलेली महाजन घराणी पुष्कळ आहेत. मुरगाव बंदरापासून लोंढ्यावरून धारवाड-हुबळीकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला आणि घाट चढणे सोपे झाले. व्यापार, शिक्षण व नोकरी यांच्या पाठोपाठ औषधोपचारासाठीही माणसे वर जाऊ लागली. हुबळीस १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. धारवाडचे मनोरुग्णालय त्याहून कितीतरी जुने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. म्हणजे मेंदूच्या विकाराने पीडित असे दोन्ही प्रकारचे रोगी या जोडशहरात येतात : ज्यांच्या मेंदूत गाठ झाली, रक्तस्राव झाला वा ज्यांच्या डोक्यास मार बसला ते, आणि ज्यांचे चित्त ढळले ते. या दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या उपचारांच्या इतिहासात एका पोर्तुगीज प्राध्यापकाचे नाव येते. पहिल्या ठिकाणी ते कृतज्ञतेने घेतले जाते, दुसऱ्या ठिकाणी संकोचाने.

ते नाव एगास मोनिज. पणजीच्या लिसेंवमध्ये शिकलेल्या पिढीच्या कानांवरून ते गेलेले असेल. परंतु नोबेल पारितोषिक मिळविणारे पहिले पोर्तुगीज, यापलीकडे त्यांची माहिती सहसा कोणास नसते. एका गोमंतकीय पुरुषाचे चरित्र त्यांनी लिहिले, ही गोष्टही विस्मरणात गेली आहे. म्हणून त्यांचे जीवन येथे थोड्या विस्ताराने सांगणे अनुचित होणार नाही.

उत्तर पोर्तुगालातील आव्हांका या गावी २९ नोव्हेंबर १८७४ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे जमीनदारांचे, परंतु उतरत्या काळातले. पाळण्यातले नाव आंतोनियो कायतानो द आब्रेव फ्रैरे द रेझेंदे. एगास मोनिज हे नाव त्यांच्या धर्मगुरू चुलत्याने जोडले. बाराव्या शतकात पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिक्स याचा पालक व शिक्षक असलेला एगास मोनिज नावाचा एक सरदार होऊन गेला. त्याचा वंश आपल्या घराण्यात आहे अशी या चुलत्याची श्रद्धा होती. वंशावळीच्या अभिमानाचा हा प्रकार महाजन घराण्यांस नवलाचा वाटू नये. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण याच चुलत्याच्या देखरेखीखाली झाले. पुढे जेझुईट पाद्रींच्या विद्यालयात शिकून त्याने कोइंब्रा विद्यापीठात वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९९ साली पदवी घेतली.

याच सुमारास, चोविसाव्या वर्षी, त्यांना संधिवाताच्या जातीच्या गाऊट या व्याधीने गाठले. ती जन्मभर सुटली नाही. हातांची बोटे हळूहळू वाकडी होत गेली, सांध्यांवर गाठी आल्या. वैद्यकाच्या ज्या शाखेत हाताचे कौशल्य म्हणजे सर्वस्व, त्या शाखेच्या इतिहासात ज्यांचे नाव लिहिले गेले त्यांच्या हातात शस्त्र धरण्याचे बळ नव्हते. पुढील साऱ्या हकिगतीत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण मोनिज यांनी जे केले ते दुसऱ्यांच्या हातांनी केले, आणि ते हात त्यांना घडवून घ्यावे लागले.

पदवीनंतर ते फ्रान्समध्ये बोर्दो व पॅरिस येथे गेले. मज्जाविकारांचे शास्त्र त्या काळी पॅरिसमध्ये ऐन भरात होते. बाबिन्स्की, पिएर मारी, देजरीन, सिकार ही मंडळी रोग्याची चाल, डोळ्यांची बाहुली, तळपायाची हालचाल यांवरून मेंदूत बिघाड कोठे आहे ते सांगत. मोनिज यांनी ही विद्या मनापासून आत्मसात केली. १९११ साली लिस्बनच्या नव्या वैद्यकीय विद्याशाखेत मज्जाविकारशास्त्राचे अध्यापकपद निर्माण झाले, त्यावर त्यांची नेमणूक झाली आणि सांता मार्ता इस्पितळ ही त्यांची कर्मभूमी बनली. १९४४ साली सत्तर वर्षे पुरी होईपर्यंत ते त्या पदावर होते.

त्यांच्या आयुष्यातील बरीच वर्षे राजकारणात गेली, त्याचा येथे केवळ उल्लेख पुरे. राजेशाहीच्या अखेरच्या काळापासून ते लोकप्रतिनिधी होते. १९०८ साली काही दिवस तुरुंगातही होते. १९१७ साली माद्रिदला राजदूत आणि १९१८ साली परराष्ट्रमंत्री झाले. पहिले महायुद्ध संपल्यावर पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. राष्ट्राध्यक्ष सिदोनियो पाइस यांचा खून झाल्यानंतर पोर्तुगालचे राजकारण पालटले आणि मोनिज त्यातून बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिसाच्या घरात होते. बहुतेक माणसे ज्या वयात मिळविलेले सांभाळू लागतात, त्या वयात या गृहस्थाचे खरे संशोधन अजून सुरूही झालेले नव्हते.

मधल्या काळात त्यांनी पुष्कळ लेखन केले. पत्त्यांच्या खेळात ते निष्णात होते आणि खेळण्याच्या पत्त्यांचा इतिहासही त्यांनी लिहिला. कादंबरीकार जुलियो दिनिस यांचे चरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. गोमंतकीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ त्यानंतरचा, १९२५ चा. तो आबे फारिया यांच्यावर आहे. बार्देशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले जुझे कुश्तोदियो फारिया हे वडिलांकडून कोलवाळचे. त्या कुळाचे मूळ पुरुष अनंत शेणवी हे ख्रिस्ती होण्यापूर्वी सारस्वत ब्राह्मण होते, हे सर्वश्रुत आहे. फारिया यांनी १८१३ साली पॅरिसमध्ये निद्राप्रयोग करून दाखविण्यास आरंभ केला. प्रयोगकर्त्याच्या देहातून एखादा चुंबकीय द्रव वाहतो व त्याने रोगी निद्रिस्त होतो, असे त्या काळी मानले जाई. असा कोणताही द्रव नाही, निद्रा ही रोग्याच्या स्वतःच्या मनात सूचनेने उत्पन्न होते, हे फारिया यांनी ठामपणे सांगितले. त्यांची चेष्टा झाली. १८१९ साली ते पॅरिसमध्ये निवर्तले आणि एका फ्रेंच कादंबरीतील पात्र एवढीच त्यांची ओळख उरली. मोनिज यांनी जुने ग्रंथ व कागद धुंडाळून संमोहनशास्त्राच्या इतिहासात त्यांना त्यांची जागा परत मिळवून दिली. मांडवीच्या तीरावर, पणजीत, जुन्या सचिवालयाशेजारी फारिया यांचा जो पुतळा आहे तो रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला व १९४५ साली तो उभारला गेला. त्यापूर्वी वीस वर्षे लिस्बनच्या एका मज्जाविकारतज्ज्ञाने हे काम करून ठेवले होते.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

मेंदूवरील शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी एका स्वतंत्र शास्त्राच्या पदवीस नेली. परंतु शस्त्रवैद्यापुढील मोठी अडचण तशीच होती. पोट उघडले तर आत हात घालून चाचपता येते. कवटीचे तसे नाही. तिला जेथे छिद्र पाडायचे ते स्थान आधीच निश्चित ठाऊक असावे लागते. क्ष-किरणांच्या चित्रात कवटीचे हाड दिसते, आतला मेंदू दिसत नाही. लक्षणांवरून केलेला तर्क चुकला तर निरोगी भाग उघडला जाई आणि गाठ तशीच राही. १९१८ साली वॉल्टर डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र काढण्याची युक्ती शोधली. ती उपयुक्त होती, पण रोग्यास असह्य डोकेदुखी होई आणि प्रसंगी प्राणावर बेते. पुढे सिकार यांनी पाठीच्या कण्यात तैलद्रव्य सोडून तेथील अडथळा दाखविला.

मोनिज यांनी विचार केला तो असा. मेंदूत रक्तवाहिन्यांचे जाळे सर्वत्र पसरलेले आहे. क्ष-किरणांस अडविणारे एखादे द्रव्य मानेतील मोठ्या धमनीत सोडले तर ते क्षणार्धात त्या जाळ्यात पोचेल आणि झाडाच्या फांद्यांप्रमाणे त्या वाहिन्या चित्रात उमटतील. गाठ असेल तेथे फांद्या बाजूला सरकलेल्या दिसतील. कल्पना सोपी होती. पण धमनीत सोडलेले द्रव्य मेंदूस अपाय न करता निघून गेले पाहिजे, पाण्यासारखे वाहिले पाहिजे आणि तरीही चित्रात ठळक उमटले पाहिजे. असे द्रव्य कोणते, हे कोणासच ठाऊक नव्हते.

यापुढील दोन वर्षांची हकिगत ही मोनिज यांच्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल हकिगत होय, आणि ज्यांना वैद्यकीय शिक्षणसंस्था म्हणजे काय हे समजून घ्यावयाचे आहे त्यांनी ती अवश्य पाहावी. लिस्बन हे काही बोस्टन नव्हते. शवागार एकीकडे, क्ष-किरणांचे यंत्र दुसरीकडे, सांता मार्ता इस्पितळात. मृतदेहांची डोकी शवागारातून इस्पितळात न्यावी लागत, आणि ती मोनिज यांच्या मोटारीतून जात. वाटेत अपघात झाला आणि सामान रस्त्यावर पडले तर काय, ही धास्ती त्यांना असे. आधी काचनळ्यांत वेगवेगळ्या क्षारांचे द्राव भरून त्यांची चित्रे काढली. मग कुत्र्यांवर प्रयोग केले. मग मृतदेहांच्या धमन्यांत द्राव सोडून निरोगी मेंदूतील वाहिन्यांचे स्वाभाविक चित्र कसे दिसते त्याचा अभ्यास केला, कारण स्वाभाविक काय ते ठाऊक नसता विकृत ओळखता येत नाही. हे सर्व झाल्यावरच जिवंत रोग्याकडे वळायचे असा त्यांचा क्रम होता.

त्यांच्या वाकड्या बोटांऐवजी काम करणारे प्रमुख हात होते पेद्रू आल्मेदा लिमा यांचे. १९०३ साली जन्मलेला हा तरुण त्या वेळी नुकताच डॉक्टर झालेला होता. मोनिज सांगत, लिमा करीत. परंतु लिमा केवळ आज्ञाधारक हस्तक नव्हते. पुढील सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे गुरुशिष्यांची ही जोडी अभंग राहिली.

प्रारंभीचे द्रव्य ब्रोमाइड जातीचे, स्ट्रॉन्शियमचा क्षार. त्याने काही रोग्यांत अस्पष्ट चित्रे मिळाली, काहींत काहीच नाही. एका रोग्याचा प्रयोगानंतर मृत्यू झाला. मोनिज यांनी काम थांबविले. ते द्रव्य सोडून दिले व पुन्हा मृतदेह व कुत्रे यांकडे वळून सोडियम आयोडाइडचा शेकडा पंचवीस बळाचा द्राव निश्चित केला. २८ जून १९२७ रोजी मस्तिष्कग्रंथीत गाठ झालेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या धमनीत तो सोडला. हा नववा रोगी. क्ष-किरणांची काच धुऊन उजेडात धरली तेव्हा जिवंत मनुष्याच्या मेंदूतील धमन्या, गाठीने वर ढकलल्या गेलेल्या अशा, जगात प्रथमच दिसल्या. ७ जुलै रोजी मोनिज यांनी पॅरिसच्या मज्जाशास्त्र मंडळापुढे हा प्रयोग मांडला. ज्या बाबिन्स्कींच्या पायाशी ते शिकले ते श्रोत्यांत होते.

यानंतरचे काम संथ, चिकाटीचे आणि सामुदायिक होते. द्राव वाहिन्यांतून काही क्षणांत निघून जातो, तेव्हा एक चित्र पुरत नाही. आधी धमन्या, मग सूक्ष्म वाहिन्या, मग शिरा अशी लागोपाठ चित्रे घ्यावी लागतात. त्यांचे सहकारी परैरा काल्दास यांनी काचा भराभर पालटणारे फिरते यंत्र बनविले. त्याच शहरात रेनाल्दो दोस सांतोस यांनी १९२९ साली पोटातील महाधमनीचे चित्र घेतले. १९३३ साली मेंदूतील धमनीस आलेला फुगवटा मोनिज यांनी जिवंत रोग्यात दाखवून दिला. तोपर्यंत असा फुगवटा बहुधा शवविच्छेदनातच सापडे. एका लहान देशातील एका इस्पितळात क्ष-किरणतज्ज्ञ, शारीरशास्त्रज्ञ, मज्जाविकारतज्ज्ञ आणि शस्त्रवैद्य एका छपराखाली रोज भेटत होते, म्हणून हे घडले.

एक गोष्ट मात्र लिस्बनला नव्हती. गाठ कोठे आहे ते आता दिसू लागले, पण ती काढणार कोण? पोर्तुगालात मेंदूचा शस्त्रवैद्य नव्हता आणि तो पुस्तक वाचून तयार होत नाही. मोनिज यांनी लिमा यांना लंडनला ह्यू केर्न्स यांच्याकडे पाठविले. केर्न्स स्वतः बोस्टनला कुशिंग यांच्या हाताखाली राहून आलेले. रक्तस्राव रोखण्याच्या बारीक चांदीच्या चिमट्या, मेंदूस हात लावण्याची हलकी रीत, तासन्‌तास न घाई करता चालणारी शस्त्रक्रिया, रोग्याची दैनंदिन टिपणे आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे ठेवायची नोंद, ही सारी परंपरा गुरूच्या शेजारी उभे राहूनच अंगी येते. आपल्याकडे गवयाच्या घराण्यात शागीर्द जसा तानपुरा धरून मागे बसतो तसाच हा प्रकार. कुशिंगपासून केर्न्स, केर्न्सपासून लिमा असा तो प्रवाह पोर्तुगालात आला. लिमा परत आले, त्यांनी देशातील मज्जाशस्त्रक्रियेचा पाया घातला, पुढे प्राध्यापक झाले व नंतरच्या पिढीस तयार केले.

भारतात हाच क्रम वीस वर्षे उशिरा आला. माँट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांच्याजवळ शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात देशातील पहिला मज्जाशस्त्रक्रिया विभाग उघडला. पुढच्या वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासला काम सुरू केले. १९५१ साली भारतीय मज्जाशास्त्र संस्था स्थापन झाली. वेल्लोरलाच पुढे या विषयाचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण प्रथम सुरू झाले, आणि परदेशी न जाता मेंदूचा शस्त्रवैद्य होण्याची वाट मोकळी झाली. कर्नाटकात बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. आर. एम. वर्मा यांनी हा विभाग उभारला. संगणकाच्या साहाय्याने कवटीच्या आतले चित्र घेणारे यंत्र १९७१ साली निघाले. तोपर्यंत, आणि आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे, डोक्यास मार बसलेल्या रोग्यात रक्ताची गाठ कोणत्या बाजूस आहे हे पाहण्याचा मुख्य उपाय मोनिज यांचीच तपासणी हा होता. मानेतील धमनीत सुई नेमकी घालणे हा त्या काळी या शाखेतील उमेदवाराचा पहिला धडा असे. आज सुई बहुधा जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून घालतात, द्रव्ये निर्धोक झाली आहेत. पण धमनीच्या फुगवट्याचा निर्णय करताना आजही हीच परीक्षा अखेरचा पुरावा मानली जाते.

येथवरच मोनिज यांचे चरित्र असते तर ते निर्मळ झाले असते. पुढचा भाग टाळता येत नाही.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये लंडनला मज्जाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे अमेरिकेतील फुल्टन व जेकबसन यांनी दोन चिंपांझी माद्यांच्या मेंदूचा पुढचा भाग काढल्यावर काय झाले ते सांगितले. त्यांतील एक पूर्वी चूक झाली की आकांत करी. शस्त्रक्रियेनंतर ती शांत झाली. असाध्य मनोरुग्णाच्या मेंदूत काही ठरावीक विचार घट्ट बसलेले असतात, पुढच्या भागातील पांढरे तंतू तोडले तर ती गाठ सुटेल, असा तर्क मोनिज यांच्या मनात होता. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला, परिषदेस तीन महिने होतात न होतात तोच, एका त्रेसष्ट वर्षांच्या स्त्रीच्या कवटीस दोन छिद्रे पाडून तंतूंमध्ये मद्यार्क टोचण्यात आला. हात लिमा यांचेच. काही रोग्यांनंतर मद्यार्क सोडून तारेच्या फाशाचे एक शस्त्र वापरले जाऊ लागले. ल्युकोटोमी, अर्थात श्वेततंतुच्छेद, असे या क्रियेचे नाव पडले.

चार महिन्यांत वीस रोगी झाले आणि १९३६ च्या वसंतात पॅरिसला अहवालही सादर झाला : सात बरे, सात सुधारले, सहा जसेच्या तसे. धमनीचे चित्र काढण्यापूर्वी मृतदेह, कुत्री, काचनळ्या यांवर इतका काळ घालविणारे प्राध्यापक ते हेच. येथे प्राण्यांवरचे स्वतःचे प्रयोग नव्हते, रोग्यांवर लक्ष ठेवण्याचा अवधी काही आठवड्यांचा वा थोड्या महिन्यांचा, आणि बरा झाला याचा अर्थ बहुतांशी शांत झाला एवढाच. कार्यालयात ज्याने आयुष्य काढले तो कोणीही सांगेल की प्रकरण निकालात निघण्यापूर्वीच नोंदवही बंद करण्याचा हा प्रकार होता. लिस्बनच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख सोब्राल सिद यांनी पहिले रोगी दिले होते. परत आलेली माणसे त्यांनी रोज पाहिली आणि नवे रोगी देण्याचे बंद केले. रोग गेलेला नाही, माणूस उणा झाला आहे, असे त्यांचे मत होते व १९३७ साली ते त्यांनी पॅरिसमध्ये उघडपणे मांडले. त्यांचे ऐकले गेले नाही. त्या रोग्यांना सर्वांत जवळून ओळखणारा वैद्य तोच होता, हे विशेष.

मोनिज यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्या काळी असाध्य मनोरुग्णास औषध म्हणून काहीही नव्हते. साखळदंड, बंद खोल्या आणि वर्षानुवर्षांचा आक्रोश हेच त्यांच्या वाट्यास येई. निराश नातेवाइकांस आशेचा कोणताही किरण पुरेसा वाटे. त्यामुळे ही क्रिया वाऱ्यासारखी पसरली. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी १९३६ साली ती सुरू केली आणि १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार शस्त्र घालण्याची झटपट रीत काढली. फ्रीमन शस्त्रवैद्य नव्हते. त्यांनी स्वतः तीन हजारांहून अधिक रोग्यांवर हा प्रयोग केला. मोनिज यांच्या वीस रोग्यांपासून येथवर अंतर फार मोठे आहे, परंतु वाट तीच आहे. भारतातही ती आली. बंगळूरच्या मनोरुग्णालयात डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी व शस्त्रवैद्य डॉ. बालकृष्ण राव यांनी केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९४४ साली लंडनच्या लॅन्सेट या पत्रात प्रसिद्ध झाला. गोविंदस्वामी पुढे १९५४ साली तेथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेचे पहिले संचालक झाले. जगातील उत्तम वैद्यांस जे त्या वेळी प्रगत वाटले तेच त्यांनी केले, हे विसरून त्यांच्याविषयी बोलणे न्यायाचे होणार नाही.

१९३९ साली एका मनोविकृत रोग्याने मोनिज यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते. अनेक गोळ्या लागूनही ते वाचले व कामावर परत आले.

१९४९ चे नोबेल पारितोषिक त्यांना स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांच्याबरोबर विभागून मिळाले. धमनीचित्रासाठी त्यांचे नाव १९२८ पासून अनेकदा सुचविले गेले होते, आणि त्यासाठी ते मिळाले असते तर आज कोणीही बोट दाखविले नसते. पण मानपत्रात उल्लेख आला तो मनोविकारांवरील ल्युकोटोमीचा. दैवाची विचित्र गती ती हीच. पारितोषिकाने त्या क्रियेस आणखी प्रतिष्ठा आली. सोव्हिएत रशियाने १९५० साली तिच्यावर बंदी घातली. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांस देण्यात आले, आणि त्याच्या गोळ्यांनी काही वर्षांतच ते शस्त्र मागे टाकले. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्या घरच्यांना मात्र निर्विकार, निरुत्साही झालेले आपले माणूस पुढे कित्येक वर्षे सांभाळावे लागले. पारितोषिक परत घ्यावे अशी मागणीही पुढे काही कुटुंबीयांनी केली. ते घेतले गेले नाही.

धमनीचित्राच्या कामातही एक घाई झाली होती, ती येथे सांगितली पाहिजे. आयोडाइडच्या द्रावाने रोग्यास वेदना होत, म्हणून १९३१ पासून लिस्बनमध्ये थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य वापरात आले. चित्रे सुरेख येत, रोगी तक्रार करीत नसे. त्यात थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ होता आणि तो शरीरातून बाहेर पडत नसे. कित्येकांस वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. १९५० नंतरच्या दशकात ते द्रव्य मागे पडले. मेंदूच्या शस्त्रवैद्यास आज शिकविताना रोग्याची नोंद दहा-वीस वर्षे चालू ठेवण्याचा जो आग्रह धरला जातो, त्याच्या मागे असे हिशेब आहेत.

निवृत्तीनंतर मोनिज यांनी आपल्या संशोधनाच्या आठवणी १९४९ साली आणि आव्हांका येथील घराच्या आठवणी १९५० साली लिहून प्रसिद्ध केल्या. पडझड झालेले ते वडिलार्जित घर त्यांनी ऐन उमेदीतच पुन्हा बांधून घेतले होते. उन्हाळ्यात ते तेथे राहत. पत्नी एल्विरा यांची साथ त्यांना अखेरपर्यंत होती. अपत्य नव्हते. १३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले आणि आव्हांकाच्या भूमीत त्यांना ठेवण्यात आले. त्या घरात १९६८ पासून वस्तुसंग्रहालय आहे. लिमा यांनी त्यानंतर आणखी तीस वर्षे पाहिली. ते १९८५ साली वारले.

पणजीस १८४२ पासून वैद्यकशाळा होती. मोनिज यांच्या हयातीत तेथून उत्तीर्ण होणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यास पोर्तुगालात वैद्यकी करावयाची तर तेथील विद्यापीठात पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपली आणि १९६३ साली त्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. तेथील आणि हुबळीतील पदवीधरांपैकी ज्यांना मेंदूची शस्त्रक्रिया शिकण्याची इच्छा होती, त्यांची गाडी आता लिस्बनच्या बंदराकडे न जाता वेल्लोर, मुंबई व बंगळूरकडे जाऊ लागली.